दार नाही, पण उंबरठा आहे

शनिशिंगणापूरला प्रथमच येणारा पाहुणा देवाच्या आधी घरे पाहतो. चौकट आहे, पण तिला दार नाही; कडी नाही, कोयंडा नाही. देवही चौथऱ्यावर उघड्यातच उभा, माथ्यावर छप्पर नाही. नेवासे तालुक्यात सभेच्या निमित्ताने आलो, की सोबतच्या मंडळींना आम्ही हे मोठ्या कौतुकाने दाखवीत असू.

एकदा संघटनेचा एक जुना सभासद आमच्याबरोबर होता. उजव्या हाताची तीन बोटे प्रेस मशीनखाली गेलेली, आणि पुढे मधुमेहाने दृष्टीही गेलेली. ओळखीच्या एका घरी चहाला शिरताना त्याला ठेच लागली. तो सावरला आणि हसून म्हणाला, "दादा, दार नाही म्हणता, पण उंबरठा ठेवलाच आहे की!"

आजचा आमचा सगळा विषय त्या ठेचेत आहे. त्याचे नाव मात्र जड आहे: संकेतस्थळांची सुगम्यता आणि तिचे मापदंड. आम्ही शाळा सातवीत सोडली. संगणकाचे शास्त्र आम्ही शिकलेलो नाही. परंतु बांधकाम कामगाराची नोंदणी, ई-श्रमचे कार्ड, दिव्यांगाचे प्रमाणपत्र, भविष्यनिर्वाह निधीची रक्कम ही सारी कामे आता संकेतस्थळावरून होतात. तेव्हा आमच्या माणसाला तेथे ठेच का लागते, हे समजून घेणे आम्हांला भाग पडले. जे समजले ते संकेतस्थळे बांधणाऱ्या तरुण मित्रांपुढे ठेवतो.

याच सभासदाबरोबर आम्ही एका कचेरीचा अर्ज भरावयास बसलो होतो. दृष्टिहीन माणूस संगणक वापरतो तो स्क्रीन रीडर नावाच्या वाचक आज्ञावलीच्या मदतीने. एनव्हीडीए नावाची अशी आज्ञावली तर विनामूल्य मिळते. त्या दिवशी ती काय बोलली? "बटण, बटण, चौकट, चौकट." कोणते बटण, कशाची चौकट, याचा पत्ता नाही. पुढे चित्रातील वेडीवाकडी अक्षरे ओळखून लिहिण्याची अट आली. तेवढ्यात वेळ संपला आणि भरलेला अर्ज कोरा झाला. शेवटी त्याने आपला पासवर्ड पुतण्याला सांगितला. ज्या माणसाने आयुष्यभर स्वतःचा पगार स्वतः मोजून घेतला, त्याच्यावर स्वतःच्या पैशाचा हिशोब दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहण्याची वेळ आली.

यात चूक कोणाची? वाचक आज्ञावलीची नव्हे. ती पडद्यावरचे रंगरूप पाहत नाही. पानाच्या आत लिहिलेला संकेत वाचते. तेथे चौकटीला नाव दिलेले नसेल, तर ती बिचारी सांगणार काय?

हे टाळण्याचे नियम आहेत आणि ते जुने आहेत. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या जागतिक संस्थेने डब्ल्यू.सी.ए.जी. नावाचे मापदंड प्रथम 1999 साली प्रसिद्ध केले, त्यांची 2.2 ही आवृत्ती ऑक्टोबर 2023 मध्ये निघाली. सबंध ग्रंथ पाहून छाती दडपते, पण त्याचे खांब चारच आहेत. मजकूर कोणत्या तरी इंद्रियाने कळला पाहिजे. पान चालवता आले पाहिजे. ते समजले पाहिजे. आणि निरनिराळ्या साधनांवर ते टिकले पाहिजे. नियमांच्या पायऱ्या तीन: ए, डबल ए व ट्रिपल ए. व्यवहारात सहसा डबल एची अपेक्षा धरली जाते.

आता हाताशी धरावयाच्या गोष्टी सांगतो. अर्जातील प्रत्येक चौकटीला संकेतातच नाव जोडा. चौकटीत फिकट अक्षरांत लिहिलेली सूचना म्हणजे नाव नव्हे, कारण टंकू लागताच ती नाहीशी होते. अर्थ असलेल्या चित्राला शब्दांत पर्याय द्या. नुसत्या शोभेच्या चित्राचा पर्याय कोरा ठेवा, म्हणजे वाचक ते ओलांडून जाईल. मथळ्याला मथळा म्हणूनच नोंदवा, नुसती अक्षरे मोठी करू नका. दृष्टिहीन माणूस मथळ्यांवरून उड्या घेत पान चाळतो. बटण हवे तेथे खरे बटणच वापरा. साध्या ठोकळ्याला रंग देऊन केलेले बटण माउसने दाबले जाते, पण कळफलकाला दाद देत नाही. आमच्या बोटे गेलेल्या कामगाराला माउस धरवत नाही. तो टॅबची कळ दाबीत पुढे सरकतो. आपण कोठे आलो आहोत, हे त्याला पडद्यावर ठळक दिसले पाहिजे. साध्या आकाराच्या अक्षरांचा पार्श्वभूमीशी निदान 4.5 ला 1 इतका उजेडाचा फरक ठेवा. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरे म्हाताऱ्या डोळ्यांना दिसत नाहीत. यंत्रांच्या गोंगाटाने ज्यांचे कान गेले, त्यांच्यासाठी चित्रफितीखाली बोलण्याचा मजकूर द्या. आणि वेळेची मर्यादा घालणारच असाल, तर ती संपण्याआधी सांगा व वाढवून घेऊ द्या.

मराठी पानांचे दुखणे आणखी निराळे आहे. जुन्या फॉंटांत टंकलेला मजकूर डोळ्यांना देवनागरी दिसतो, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरे. वाचक आज्ञावली ती जशीच्या तशी बडबडते. म्हणून मजकूर युनिकोडमध्येच हवा. पानाची भाषा मराठी आहे हेही संकेतात नोंदवावे, म्हणजे योग्य उच्चार निवडता येतो. छापील आदेशाचे नुसते छायाचित्र काढून चढवले, तर त्यात वाचण्याजोगे एकही अक्षर नसते. नेवाशाला ज्ञानेश्वरांनी सांगितले आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतले, अशी आपली परंपरा आहे. ज्या तालुक्यात शब्द आधी कानाने झेलला गेला, तेथे मराठी पान कानाला मुके असावे, हे बरे नव्हे.

कोणी म्हणेल, मूठभर लोकांसाठी एवढा खटाटोप कशाला? 2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख दिव्यांगांची नोंद झाली. ही मूठ लहान नाही. आणि म्हातारपण तर कोणालाच चुकलेले नाही.

दुसरा म्हणेल, ही भूतदया सवडीने करू. येथे आमचा मतभेद आहे. 1948 च्या कारखाना कायद्याचे 21 वे कलम सांगत असे की, धोक्याच्या यंत्राला संरक्षक आवरण हवे. ते आवरण म्हणजे मालकाची दया नव्हे. आमच्या सभासदाच्या यंत्रावरचे आवरण उत्पादन वाढावे म्हणून काढून ठेवले होते; त्याची किंमत त्याच्या तीन बोटांनी मोजली. सुगम्यतेचे मापदंड हे असेच आवरण आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचे 42 वे कलम माहिती सुगम करण्याची जबाबदारी सरकारवर टाकते. भारतीय मानक आय.एस. 17802 तयार आहे. केवळ शिफारशीवजा नियम पुरेसे नाहीत, सक्तीचे करा, असे सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 रोजी बजावले. आणि 30 एप्रिल 2025 रोजी डिजिटल सुविधांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या 21 व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला.

परंतु न्यायालयाने सांगितल्याने उंबरठा आपोआप सपाट होत नाही. याच गावात घरांना दारे नव्हती, तरी स्त्रियांना चौथरा बंद होता. त्यासाठी झगडावे लागले, उच्च न्यायालयात जावे लागले. तेव्हा कोठे 8 एप्रिल 2016 च्या गुढीपाडव्याला तो खुला झाला. दार नसणे निराळे आणि वाट असणे निराळे.

संकेतस्थळ बांधणारा तरुणही कामगारच आहे, हे आम्ही विसरत नाही. आठवड्याचे काम दोन दिवसांत मागितले, की पहिली काट सुगम्यतेवर बसते. म्हणून आमचे सांगणे दोघांना आहे. काम देणाऱ्याने करारातच मापदंडाचे नाव, त्यासाठीचा वेळ आणि मोबदला लिहावा. काम करणाऱ्याने ते मागून घ्यावे, आणि काम सोपवण्यापूर्वी दोन कसोट्या कराव्यात: माउस बाजूला ठेवून सारा अर्ज भरावा, आणि पडदा झाकून, नुसते ऐकून तोच अर्ज पुन्हा भरावा. तपासणीची यंत्रे काही दोष पकडतात, सगळे नाही. म्हणून शेवटी एखाद्या दृष्टिहीन माणसाला, त्याच्या वेळेचा मोबदला देऊन, शेजारी बसवावे.

आमचा सभासद पुन्हा कधी अर्ज भरावयास बसेल, तेव्हा त्याला कोणाचे उपकार नकोत. आपला पासवर्ड आपल्यापाशी ठेवून त्याला शेवटचे बटण स्वतः दाबता यावे, एवढेच त्याचे मागणे आहे.