मनीमाजरा, बॉनेटखाली

सकाळी 9.15
चंदीगडच्या मूळ आखणीत 13 नंबरचं सेक्टर नव्हतंच. 2020 पासून कागदोपत्री मनीमाजराच सेक्टर 13. इथल्या मोटर मार्केटमध्ये मात्र सगळे अजून मनीमाजराच म्हणतात. उस्तादजी शटर वर करतात. दुकान दहा बाय बाराचं, काम सगळं बाहेर फुटपाथवर. ते गाडीच्या वायरिंगचंच काम करतात, इंजिनाला हात लावत नाहीत. हाताखालचा पोरगा फळीवर सामान मांडतो. टेस्ट लॅम्प, मल्टीमीटर, क्रिम्पिंगची पक्कड, टेपची रिळं.

10.00
पहिली गाडी एका निवृत्त मास्टरजींची. कसौलीला निघाले होते. परवाणूच्या पुढे चढावर ट्रॅफिकमध्ये अडकले, चेक इंजिनचा दिवा लागला. फ्यूज बदलला, पुन्हा उडाला. तसेच परत फिरून इथे आले. बॉनेट उघडलं तर वाफारा थेट तोंडावर. उस्तादजी हात घालत नाहीत. "आधी थंड होऊ द्या जी." चहा येतो, 10 रुपये कप.

10.40
बॅटरीची निगेटिव्ह सोडली. आता टॉर्चच्या उजेडात बघायचं. ऑक्सिजन सेन्सरची वायर एक्झॉस्टला चिकटलेली. आवरण वितळून वाहिलंय आणि पुन्हा घट्ट झालंय, मेणबत्तीच्या ओघळासारखं. आत तांबं उघडं पडलंय. ते लोखंडाला टेकलं की फ्यूज उडणारच. वायर तिथे गेली कशी? ब्रॅकेटचं भोक रिकामं आहे. मागे कुठल्यातरी गॅरेजात सायलेन्सरचं काम झालं, तेव्हा काढलेली क्लिप परत बसवलीच नाही. क्लिप 15 रुपयांची. मला खरंच चीड आली. उस्तादजी नुसती मान हलवतात. अशा गाड्या त्यांच्याकडे रोज येतात.

साधं पीव्हीसी आवरण 70 ते 105 अंशांपर्यंत तग धरतं. चढावर एक्झॉस्टचं लोखंड 500 अंशांच्या पुढे सहज जातं. वायर त्याला टेकलेली नसली, नुसती जवळ असली तरी आवरण महिनोन्‌महिने कडक होत जातं. मग एक दिवस वाकवलं की तडकतं.

11.15
जळका भाग कापायचा. किती? तांबं लखलखीत दिसेपर्यंत. वीतभर वायर गेली. त्याच जाडीचे, उष्णता सोसणाऱ्या आवरणाचे तुकडे घेतले. चार वायरी, प्रत्येकीला दोन जोड, सगळे पुढेमागे, म्हणजे एकाजवळ एक येत नाहीत. मी विचारलं, डाग का देत नाही? "या सेन्सरला नाही देत." पुष्कळसे सेन्सर बाहेरची हवा वायरच्या आतूनच घेतात. डाग दिला की ती वाट बुजते. म्हणून क्रिम्प.

पोरग्याने आठही जोड दाबले. छान दाबले. आणि फायबरग्लासची स्लीव्ह हातातच राहिली! ती आधी ओवायची असते. आता एका टोकाला सॉकेट, दुसऱ्या टोकाला सेन्सर, ओवणार कुठून? पोरगा गप्प. उस्तादजींनी पक्कड घेतली, एका बाजूचे चारही जोड कापले. "चल पुत्तर, पुन्हा." ओरडले नाहीत. आधी स्लीव्ह ओवली, मग श्रिंक ट्यूबचे तुकडे, मग जोड. हीट गनची हवा लागताच ट्यूब आवळली, कडेने गोंदाचा थेंब बाहेर आला.

12.30
शेवटचं काम वायरच्या वाटेचं. स्लीव्ह 200 अंशांच्या वरचीही उष्णता सोसते, पण उस्तादजी तिच्या भरवशावर राहत नाहीत. वायर एक्झॉस्टपासून चार बोटं लांब नेली. प्लास्टिकचा टाय नाही, तो उष्णतेने ठिसूळ होतो. रबर बसवलेली लोखंडी पट्टी ब्रॅकेटला कसली. इंजिन हलतं म्हणून थोडी ढील ठेवली.

दुपारी 1.30
43 अंश. डब्यात रोट्या, राजमा. पानासुद्धा आधी बोट लावून बघूनच उचलायचा.

3.00
एक टॅक्सी. 60/55 वॅटच्या जागी 100/90 चे बल्ब, तेही मूळ बारीक वायरीवर. इथे उष्णता इंजिनाची नाही, वायरीतच तयार झालेली. होल्डर पिवळा पडलाय. उस्तादजींनी पुन्हा 60/55 चेच बल्ब लावायला लावले, नवे होल्डर घातले. 350 रुपये.

5.30
मास्टरजींच्या गाडीची परीक्षा. हाउसिंग बोर्ड चौकापर्यंत चक्कर, एसी चालू. परत येऊन पंखा दोनदा सुरू होऊन थांबेपर्यंत इंजिन चालू ठेवलं. मग बंद. आता पंधरा मिनिटं थांबायचं. गाडी थांबली, वारा थांबला की बॉनेटखालचा ताप आधी वाढतो, मग उतरतो. वायरी तेव्हाही भाजतात. उस्तादजींनी स्लीव्हवर बोट टेकवलं. टेकवून ठेवता आलं.

बिल: स्लीव्ह 60, कनेक्टर 20, श्रिंक ट्यूब 40, पट्टी 15, मजुरी 600. एकूण 735. वाया गेलेले चार कनेक्टर बिलात नाहीत.

रात्री 8.00
पोरग्याने दिवसाचे 400 मोजून खिशात घातले. मग झाडू. वायरीचे तुकडे वेचून ब्लेडने सोलले. लखलखीत तांबं एका डब्यात, जळून काळं पडलेलं दुसऱ्यात, कारण भंगारवाला काळ्याला भाव कमी देतो. काळ्याचा डबा काठापर्यंत आला होता. त्याने तो हाताने दाबला, वर आजचे चार तुकडे ठेवले आणि शटर खाली ओढलं.