घरात बंदूक नाही, बंदुकांवरची पुस्तकं आहेत

वाशीमला माझ्या घरी पहिल्यांदा आलेला पाहुणा पुस्तकांच्या कपाटापाशी हमखास थबकतो. तोफा, बंदुका, बारूद, किल्ल्यांवरची दारूगोळ्याची कोठारं, सगळे विषय त्याच वळणाचे. मग आवाज खाली आणून तो विचारतो, "पोलिसांना चालतं का हे?" हा प्रश्न आणि त्याची भावंडं मी इतक्या वेळा ऐकली आहेत की एकदा नीट उत्तर द्यावं असं वाटलं.

गैरसमज : अशी पुस्तकं ठेवायला परवाना लागतो.

लागत नाही. १९५९ चा शस्त्र अधिनियम शस्त्रांना आणि दारूगोळ्याला लागू होतो, त्यांच्या इतिहासाच्या पुस्तकांना नाही. पण ही भीती उगाच आलेली नाही. इंग्रजांनी १८७८ च्या कायद्याने इथल्या माणसाचं हत्यार परवान्याखाली आणलं, आणि माझ्या मते तेव्हापासून हत्याराविषयी बोलणंही दबक्या आवाजात होऊ लागलं.

याच्या अगदी उलटा गैरसमज जास्त घातक आहे : "आजोबाची भरमार आहे, जुनी आहे, तिला कसला परवाना?" आमच्या वऱ्हाडात ठासणीच्या बंदुकीला भरमार म्हणतात. रानडुकरांपासून हरभरा-तूर राखायला ती पूर्वी बऱ्याच घरांत असे. कायद्याच्या ४५ व्या कलमात जुन्या, पुराणवस्तू ठरणाऱ्या किंवा मोडक्या हत्याराला सूट आहे, पण केव्हा? दुरुस्त करूनही ते बंदूक म्हणून वापरता येणार नसेल तेव्हाच. बार उडू शकत असेल तर ती कितीही जुनी असो, परवाना लागतोच, आणि त्यासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या कार्यालयात जावं लागतं. इथे स्वतःच्या मनाने ठरवू नका.

गैरसमज : बखरी आणि जुनी पत्रं वाचली की पुरे, हत्यारांचे ग्रंथ कशाला?

माझा सगळा संग्रह उभा राहिला तो या एका प्रश्नावर. तरुणपणी पेशवेकालीन पत्रं वाचताना 'बाण' हा शब्द वारंवार यायचा. उंटांवर लादलेले बाण, बाणदारांची पथकं. मी मनात धनुष्य-बाणाचं चित्र रंगवत गेलो. पुढे कळलं की त्या काळच्या कागदांत 'बाण' म्हणजे बहुतेक वेळा अग्निबाण. लोखंडी नळीत दारू ठासायची, ती बांबूला बांधायची आणि पेटवून सोडायची. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांनी असेच बाण विलायतेला नेले आणि त्यांवरून विल्यम काँग्रीव्हने आपले अग्निबाण घडवले. एका शब्दाचा अर्थ चुकला आणि माझ्या डोळ्यांसमोरची अख्खी लढाई चुकीची उभी राहिली होती.

जेजाला, जंबुरा, सुतरनाळ, बरकंदाज, गारदी या शब्दांचंही तसंच. जेजाला ही लांब नळीची जड बंदूक. सुतरनाळ ही उंटावरची छोटी तोफ. म्हणून पहिलं पुस्तक कोणतं घ्यावं असं कुणी विचारलं तर मी एकाही परदेशी ग्रंथाचं नाव घेत नाही. य. न. केळकरांचा 'ऐतिहासिक शब्दकोश' घ्या म्हणतो. त्याच्या शेजारी शिवकाळातला रघुनाथपंत हणमंते यांचा 'राज्यव्यवहारकोश' ठेवा. त्यात शस्त्रांचा एक स्वतंत्र वर्गच आहे. या दोन कोशांनी जेवढं उघडतं तेवढं रंगीत चित्रांच्या दहा पुस्तकांनी उघडत नाही.

गैरसमज : एक जाडजूड प्रमाणग्रंथ घेतला की काम झालं.

एकच ग्रंथ असेल तर तो तुम्हाला फसवू शकतो. १८८० साली या विषयावर दोन पुस्तकं आली. एक लॉर्ड एगर्टन यांचं, लंडनच्या इंडिया म्युझियममधल्या भारतीय शस्त्रांची सचित्र सूची. दुसरं मद्रासचे संस्कृतचे प्राध्यापक गुस्ताव ऑपर्ट यांचं. शुक्रनीती या संस्कृत ग्रंथात 'नालिक' म्हणजे नळीचं हत्यार आणि 'अग्निचूर्ण' म्हणजे बंदुकीची दारू यांचं वर्णन आहे. त्यावरून ऑपर्टनी प्राचीन भारतात बंदुका होत्या असं मांडलं. आपल्याला ते ऐकायला गोड वाटतं, म्हणून आजही भाषणांत ते येतं. पण शुक्रनीतीतला तो भाग फार नंतरचा आहे असं पुढच्या अभ्यासकांनी दाखवलं. इक्तिदार आलम खान यांनी २००४ च्या आपल्या ग्रंथात बारुदी तोफांचा भारतातला प्रवेश पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात धरला आहे. भांडारकर संस्थेचे प. कृ. गोडे यांनीही दारूकाम आणि बंदुकांच्या नोंदी इसवी सन १४०० पासून पुढे चिकाटीने गोळा केल्या. माझ्या कपाटात ऑपर्ट आणि खान शेजारी शेजारी आहेत, आणि ते तसेच राहायला हवेत.

"मराठ्यांच्या तोफा कुचकामी होत्या" हेही असंच एकाच बाजूचं वाचून तयार झालेलं मत. अकोला जिल्ह्यातलं अडगाव आमच्यापासून काही फार लांब नाही. तिथे २९ नोव्हेंबर १८०३ ला ईस्ट इंडिया कंपनीचा सेनापती वेलस्ली आणि नागपूरकर भोसले व शिंदे यांची गाठ पडली. लढाईच्या तोंडालाच मराठी तोफांच्या माऱ्याने कंपनीच्या शिपायांच्या पलटणी फुटून मागे पळाल्या होत्या, वेलस्लीला त्या स्वतः सावराव्या लागल्या. रँडॉल्फ कूपर यांचा २००३ चा ग्रंथ याच मोहिमांवर आहे. मराठी तोफखाना कंपनीच्या तोडीचा होता, पराभवाची कारणं दुसरीकडे शोधावी लागतात, असं ते पुराव्यानिशी मांडतात. सुरेंद्रनाथ सेन यांचा मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवरचा १९२८ चा ग्रंथ आधी वाचा आणि मग कूपर. मधल्या पाऊणशे वर्षांत प्रश्न कसे बदलले ते आपोआप दिसतं.

गैरसमज : हा पुण्या-मुंबईच्या पैसेवाल्यांचा छंद.

हार्डिंग यांचे ईस्ट इंडिया कंपनीच्या बंदुकांवरचे चार खंड महाग आहेत, हे खरं. पण एगर्टन, मोगल सैन्यावरचा अर्विन यांचा १९०३ चा ग्रंथ, १९१० चं अकोला गॅझेटियर हे सगळं स्वामित्वहक्काबाहेर गेलेलं आहे आणि इंटरनेटवर फुकट वाचता येतं. १९०५ मध्ये वाशीम जिल्हा मोडला आणि वाशीमचा भाग अकोल्यात गेला, त्यामुळे आपली माहिती अकोल्याच्या गॅझेटियरमध्ये शोधावी लागते. आपला जिल्हा पुन्हा वेगळा झाला तो १९९८ मध्ये.

आणि ग्रंथ जपण्याची शिकवण घ्यायला पुण्याला कशाला जायचं? आपल्याच कारंज्यातल्या जैन भांडारांनी शेकडो वर्षं पोथ्या कापडी वेष्टनांत जपल्या. पण जगाला त्या कळल्या कशामुळे? रायबहादूर हिरालाल यांनी १९२६ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या हस्तलिखितांची सूची छापली, तिच्यात कारंजा आलं, आणि मग तिथले अपभ्रंश भाषेतले ग्रंथ छापून निघू लागले. घरात पन्नासच पुस्तकं असली तरी वही करा : कोणतं पुस्तक, कोणत्या सालचं, कुठून घेतलं, आणि कोणत्या पानावर कोणता शब्द सापडला. माझ्या संग्रहातली सगळ्यात कामाची वस्तू ही वहीच आहे.

गैरसमज : डांबरगोळ्या टाकल्या की पुस्तकं सुरक्षित.

वाळवी डांबरगोळ्यांना जुमानत नाही. ती ओलीतून येते. कपाट बाहेरच्या भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, पाय जमिनीवरून उचलून घ्या, आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा दारं उघडी ठेवा.

शेवटची विनंती वाड्यांच्या मालकांना. माळ्यावर दारूगोळ्याचा हिशेब, शिलेदाराची सनद किंवा बंदुकीच्या जुन्या परवान्याचा कागद सापडला तर तो रद्दीत घालू नका. आधी त्याचा स्वच्छ फोटो काढा, कुठे आणि कशासोबत सापडला ते फोटोच्या मागे तारखेसह लिहून ठेवा, आणि मोडी वाचता येणाऱ्या माणसाला दाखवा.