बेन की युबँक?
१८ नोव्हेंबर १९९०, बर्मिंगहॅम. बॉक्सर नायजेल बेनच्या अपरकटने ख्रिस युबँकची जीभ फाटली. कुणाला कळलं तर लढत थांबेल, म्हणून गडी रक्त गिळत राहिला आणि ९व्या फेरीत त्याने बेनलाच संपवलं! १९९३ची ओल्ड ट्रॅफर्डवरची लढत बरोबरीत सुटली. हिशेबाने युबँकच सरस. तरी माझं मत बेनला. १९९५ मध्ये जेराल्ड मॅक्लेलनने त्याला पहिल्याच फेरीत दोरांबाहेर फेकलं. तो परत आत चढला, १०व्या फेरीत जिंकला. (मॅक्लेलन मात्र कायमचा जायबंदी झाला, त्यामुळे ती लढत पुन्हा बघवत नाही.) युबँकचं दोरांवरून उडी मारणं, नखरे... आपल्याला नाही झेपत. २०२५ मध्ये पोरंही दोनदा भिडली: एप्रिल धाकट्या युबँकचा, नोव्हेंबर कॉनर बेनचा.