घरचा सर्व्हर: आधी बिल, मग वेग

गूगलच्या अगदी सुरुवातीच्या स्टोरेजचं कॅबिनेट चक्क खेळण्यातल्या ठोकळ्यांचं होतं. 1996 मध्ये, स्टॅनफर्डला. आत 4 जीबीच्या 10 हार्ड डिस्क. तेव्हा काचेच्या, रंगीबेरंगी दिव्यांच्या कॅबिनेटवर पैसे उधळू नका.

पैसे खरे जातात विजेत. वर्षाचे तास 8,760. म्हणजे कायम सुरू असलेला एकेक वॉट वर्षाला पावणेनऊ युनिट खातो. जुना गेमिंग पीसी नुसता बसून 60 वॉट ओढत असेल, तर झाली सव्वापाचशे युनिट. 10 वॉटवर भागवणाऱ्या मिनी पीसीची जेमतेम 88. फुकटात मिळालेला पीसी महाग पडतो तो असा! 2023 मध्ये आलेल्या इंटेल एन100 प्रोसेसरची चलती याचमुळे: चार कोअर, टीडीपी अवघा 6 वॉट. अर्थात टीडीपी हा प्रोसेसरच्या उष्णतेचा हिशेब, बिलाचा नव्हे. खरं काय ते प्लगला लावलेलं वॉटमीटरच सांगतं.

एसएमपीएसची गंमत तर औरच. 80 प्लस गोल्ड या कार्यक्षमतेच्या शिक्क्याची परीक्षा 20, 50 आणि 100 टक्के लोडवर होते. 750 वॉटचा गोल्ड घेतलात आणि सर्व्हर ओढतोय 15 वॉट, म्हणजे लोड 2 टक्के. तिथे त्या गोल्डला कुणी विचारत नाही.

सेकंदाला 7,000 एमबीची एनव्हीएमई एसएसडी? गिगाबिट केबलमधून फार तर 125 जातात. पुढे चला.

हार्ड डिस्क मात्र सीएमआरच मागा, म्हणजे सुट्या ट्रॅकची. एसएमआर डिस्कमध्ये ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. संचातली एक डिस्क बदलून डेटा पुन्हा भरायची वेळ आली की त्या रडवतात. नाव बघून भुलू नका: एनएएससाठीच, म्हणजे नेटवर्कवरच्या स्टोरेजसाठीच म्हणून विकलेल्या काही ‘रेड’ डिस्क एसएमआर असल्याचं वेस्टर्न डिजिटलने 2020 मध्ये मान्य केलं होतं.

आणि डिस्कवर खेकसू नका! सन मायक्रोसिस्टिम्सच्या ब्रेंडन ग्रेगने 2008 मध्ये डिस्कच्या रांगेसमोर तोंड नेऊन बोंब ठोकली, तर आलेखात प्रतिसादाचा वेळ टुणकन वर उडाला. सगळा कंपनांचा खेळ. वूफरशेजारची जागा बाद.

राहिली ईसीसी रॅम. 2003 मध्ये बेल्जियममधल्या एका उमेदवाराला मोजणीत 4,096 मतं जास्तीची पडली. एक बिट उलटला की नेमका एवढाच फरक पडू शकतो. संशय वैश्विक किरणांवर गेला. ईसीसी असे एकेकटे बिट दुरुस्त करते. पण पैसे एकाच गोष्टीपुरते उरले असतील, तर ईसीसी सोडा आणि बॅकअपसाठी दुसरी डिस्क घ्या.