पांढऱ्या गाईचं काळं वासरू

शिराळ्याकडं बेंदराच्या सणाला रंगवलेली खिल्लार बैलांची जोडी निघाली की माझी नजर शिंगांवरच्या रंगाआधी कातडीच्या मूळ रंगावर जाते. खिल्लार पांढरी, पण तिची वासरं जन्मतः बरेचदा तांबूस असतात, विशेषतः डोक्यावर. काही महिन्यांत तो तांबूसपणा विरतो. वळूची मान, वशिंड आणि मागचा भाग मात्र काळसर होत जातो. त्याचा संबंध नराच्या संप्रेरकाशी आहे. आणि पांढऱ्या केसांखाली त्वचा सहसा काळी असते! उन्हात दिवसभर राबणाऱ्या जनावराला याहून चांगलं कवच कोणतं?

याच पांढऱ्या गाईला होल्स्टिन या काळ्या-पांढऱ्या विदेशी जातीचं रेतन केलं की वासरू बहुतेक वेळा काळं येतं. केसांत रंगद्रव्यं दोनच, एक काळं आणि एक तांबडं. कोणतं बनवायचं हे मुख्यतः एमसी१आर नावाचं जनुक ठरवतं, हे गाईगुरांत 1995 साली उलगडलं. होल्स्टिनमध्ये या जनुकाचं एक अक्षर बदललेलं असतं, त्यामुळं काळा रंग कायम चालूच राहतो. हा गुण प्रभावी, म्हणजे आई किंवा बाप, एकाकडून आला तरी पुरतो. याच जनुकातलं एक अक्षर गळालं आणि ती प्रत दोन्हीकडून मिळाली, तर वासरू तांबडं होतं. म्हणून दोन काळ्या जनावरांच्या पोटी कधी तांबडी कालवड जन्मते. मालकानं उगाच रेतन करणाऱ्यावर संशय घेऊ नये.