पोळे वेगळे, मोहोळ वेगळे

‘पोळे’ आणि ‘मोहोळ’ हे शब्द आपण बोलताना एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो. पण भाषेने त्यांची वाटणी नीट केलेली आहे.

पोळे म्हणजे मेणाच्या षटकोनी घरांची बांधणी. मोहोळ म्हणजे राणी, कामकरी माश्या, नर, पिल्ले आणि मध यांसह नांदते बिऱ्हाड. म्हणून मोहोळ उठते. पोळे कधी उठत नाही. आग्या माशी उंच फांदीला किंवा कड्याला एकच मोठे पोळे लावते. सातेरी माशी ढोलीत एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते. तिथे मोहोळ एक, पोळी अनेक!

हा भेद व्यवहाराचाही आहे. मध पोळ्याच्या वरच्या भागात साठतो, अंडी-पिल्ले त्याखाली असतात. जाणता माणूस मधाचा भाग तेवढा कापतो आणि मोहोळ राखतो. पलिता लावून सगळेच जाळणारा पुढच्या मधाला मुकतो आणि शिवारातील सूर्यफुलाच्या परागीभवनालाही.

शेजारच्या कन्नडमध्ये ‘जेनु’ म्हणजे मधही आणि मधमाशीही. आग्या माशी ती ‘हेज्जेनु’. आपल्या मुलांना दोन्ही भाषांतले शब्द यावेत, हे चांगलेच. पण घरात मराठी शब्दच कानावर पडला नाही, तर शाळा एकटी काय करणार? पालकांनो, रानात मोहोळ दिसले की मुलांना नावानिशी दाखवा. मात्र लांबूनच!