शनीचा आवाज व सूर्याचा वारा

शनीला घट्ट पृष्ठभाग नाहीं. मग त्याचा दिवस मोजावयाचा कसा? १९८० सालीं 'व्हॉयेजर' यानास शनीकडून येणाऱ्या रेडिओ-लहरी आढळल्या. त्यांच्या नियमित चढउतारावरून शनीचा दिवस १० तास ३९ मिनिटांचा ठरला. परंतु २००४ सालीं 'कॅसिनी' यानास तीच लय सुमारें सहा मिनिटांनीं लांबलेली आढळली! एवढा प्रचंड गोल पाव शतकांत इतका मंदावणें शक्य नव्हतें. मग बदललें काय?

सूर्यापासून विद्युद्भारित कणांचा वारा सेकंदास सुमारें ४०० किलोमीटर वेगानें सतत वाहत असतो; शनीपर्यंत पोंचण्यास त्याला जवळजवळ सहा आठवडे लागतात. शनीभोंवतीं चुंबकशक्तीचें कवच आहे. वाऱ्याचा दाब वाढला कीं तें आक्रसतें. ध्रुवांकडील चुंबकरेषांवर इलेक्ट्रॉन अधिक वेगानें धांवतात आणि त्या रेषांभोंवतीं गिरक्या घेतांना रेडिओ-लहरी सोडतात. पृथ्वीच्या वातावरणाचा वरचा थर या लांब लहरींना परतवून लावतो. म्हणून त्या ऐकण्यास यानच पाठवावें लागतें. जानेवारी २००४ मध्यें या वाऱ्याची जोरदार लाट शनीवर आदळली, तेव्हां तेथील ध्रुवप्रकाश उजळला आणि लहरींचाही जोर वाढला.

तात्पर्य, त्या आवाजाची लय शनीच्या अंतरंगाची खरी लय नव्हती. अखेर शनीच्या कड्यांत उठणाऱ्या तरंगांवरून २०१९ सालीं त्याचा दिवस सुमारें १० तास ३३ मिनिटें ३८ सेकंदांचा निघाला. रेडिओ-लहरींनीं सांगितलेली वेळ चुकली खरी. पण इतक्या दूरच्या ग्रहावरही सूर्याच्या वाऱ्याची सत्ता चालते, हें त्यांनीं कळविलें.